बाळाचा पहिला पासपोर्ट: सोलापूरच्या आईबाबांसाठी, कागदांच्या क्रमाने

बाळाच्या पासपोर्टला कागद फार लागत नाहीत. जन्माचा दाखला, आईबाबांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, दोघांच्या सहीचं एक प्रतिज्ञापत्र आणि फोटो. एवढं सगळं पिशवीत असूनही लोक केंद्रातून हात हलवत परत येतात, आणि कारण बहुतेक वेळा नावांचं असतं. दाखल्यावर आईचं सासरचं नाव, आधारवर माहेरचं; बाळाचं दाखल्यावर नुसतं नाव, फॉर्ममध्ये आडनावासकट. ऑनलाइन फॉर्म भरायला आपण रात्री उत्साहात बसतो आणि दाखला काढून नीट वाचतो तो अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी. हा क्रम उलटा करायचा आहे.

## टप्पा १: आईबाबांची नावं आधी जुळवा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं लिहा: आधार, पॅन, पासपोर्ट असल्यास पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, बाळाचा जन्म दाखला. समोर आईचं आणि वडिलांचं नाव प्रत्येक कागदावर इंग्रजीत जसं छापलंय तसं, अक्षर न् अक्षर उतरवून काढा. अर्धा तास जाईल, पण पुढची निम्मी कटकट इथेच दिसेल.

आपल्याकडे घोळ होतो तो आईच्या नावात. लग्नाआधी काढलेला पासपोर्ट आणि पॅन माहेरच्या नावाने, लग्नानंतर बदललेलं आधार सासरच्या नावाने, आणि हॉस्पिटलच्या फॉर्मवर सासऱ्यांनी घाईत सांगितलेलं तिसरंच काहीतरी. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरचं नाव ठेवा किंवा सासरचं घ्या, पण बाळाच्या दाखल्यावर तेच नाव लावा जे आईच्या मुख्य ओळखपत्रांवर आहे. आधीच वेगवेगळं झालं असेल तर दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. शहरात तो महापालिकेकडून मिळतो, गावात ग्रामपंचायतीकडून. लग्नपत्रिका आणि हॉलची पावती यासाठी चालत नाही.

आईबाबांचे पासपोर्ट असतील आणि त्यावर जोडीदार म्हणून एकमेकांचं नाव असेल, तर बाळाचं काम सगळ्यात सुरळीत होतं. दोघांचेही पासपोर्ट नसले तरी बाळाचा निघतो, त्यासाठी अडून बसू नका. फक्त पोलीस पडताळणी होईल हे धरून चाला.

तपासा: वडिलांचं मधलं नाव कुठे पूर्ण आणि कुठे नुसतं आद्याक्षर आहे का? 'शेख', 'बिराजदार', 'क्षीरसागर' अशी आडनावं दोन कागदांवर दोन स्पेलिंगने सापडणं ही रोजची गोष्ट आहे. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते आत्ताच उरका, पासपोर्टचा फॉर्म भरल्यानंतर नको.

## टप्पा २: जन्माचा दाखला

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा एकच पुरावा चालतो: जन्म-मृत्यू निबंधकाने, महापालिकेने किंवा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड चालत नाही. पावलांचे ठसे घेऊन फ्रेम करून दिलेलं देखणं प्रमाणपत्रही चालत नाही. ते भिंतीवर लावा.

नोंद कुठे होते यात खूप जण चुकतात. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, तुम्ही राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सोलापुरात अजूनही घरोघर चालतं. सून अक्कलकोटला गेली असेल तर दाखला अक्कलकोटचा. माहेर विजयपूर किंवा कलबुर्गीचं असेल तर दाखला कर्नाटकचा, आणि त्यात काही कमी-जास्त झालं तर दुरुस्तीही तिकडेच. सोलापूर महापालिकेच्या खिडकीवर कितीही रांग लावली तरी तो इथे मिळणार नाही. शहराच्या हद्दीबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये जन्म झाला असेल तर ती हद्द कुठल्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची, हे हॉस्पिटलमधून निघतानाच विचारून घ्या.

नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. हॉस्पिटलमध्ये जन्म झाला असेल तर कळवायचं काम हॉस्पिटलचं. घरी झाला असेल तर घरच्यांचं. ३० दिवस उलटले की लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जातं.

आता मुख्य अडचण. हॉस्पिटल नोंद पाठवतं तेव्हा बारसं झालेलं नसतं. नावाचा रकाना रिकामा जातो आणि दाखला बिननावाचा निघतो. तो घेऊन पासपोर्ट केंद्रात जाऊन काही उपयोग नाही. बारशानंतर ज्या कार्यालयात नोंद झाली तिथे आईबाबांनी अर्ज करून नाव घालायचं असतं. वर्षभरात हे विनाशुल्क होतं, नंतर विलंब शुल्क पडतं. पाळण्यातलं नाव एक, पत्रिकेतलं दुसरं आणि घरात हाक मारायचं तिसरं असेल, तर कुठलं घालायचं ते अर्ज करण्याआधी ठरवा. आत्या रुसली म्हणून चार महिन्यांनी नाव बदलायला गेलात तर ती 'दुरुस्ती' धरली जात नाही. लेखनातली चूक निबंधक सुधारून देतो. मत बदलणं ही लेखनातली चूक नव्हे.

नाव घालताना पूर्ण घाला: बाळाचं नाव, वडिलांचं नाव (किंवा तुम्ही जे मधलं नाव लावणार असाल ते) आणि आडनाव. दाखल्यावर नुसतं 'आरव' आणि फॉर्ममध्ये 'आरव संजय बिराजदार' लिहिलं, तर अधिकारी विचारणार की हे आडनाव कुठून आलं. एकाच शब्दाचं नाव पासपोर्टवर जाणं तर आणखी गैरसोयीचं. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांबाबत नियम कडक केले, तेव्हा दुबईला निघालेल्या अनेकांची विमानतळावर धावपळ झाली होती.

थांबा: दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी असे दोन मजकूर असतात. घरात सगळे कौतुकाने मराठी वाचतात. पासपोर्ट इंग्रजीवरून छापला जातो. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लिंग, जन्मस्थळ हे सहाही इंग्रजीत बोट ठेवून वाचा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा वाचायला द्या. जन्मस्थळात 'सोलापूर'च्या पहिल्या 'एस'नंतर 'एच' घुसलाय का तेही पाहा. जुन्या पद्धतीचं ते स्पेलिंग अजून कुठे कुठे टिकून आहे.

## टप्पा ३: पत्ता आणि पोलीस ठाणं

बाळाचा पत्ता म्हणजे आईबाबांचा सध्याचा पत्ता. त्यासाठी आई किंवा वडिलांचं आधार, वीजबिल, गॅस जोडणीचा कागद किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी जे ताजं आणि फॉर्मशी जुळणारं असेल ते घ्या. आईबाबांच्या पासपोर्टवर हाच पत्ता असेल तर त्याचं पहिलं आणि शेवटचं पान पुरतं.

बाळाचं निळं बाल आधार असलं तर चांगलं, पण त्यासाठी पासपोर्ट अडवून ठेवायची गरज नाही. काढणार असाल तर दाखल्यावर नाव चढल्यानंतरच काढा, नाहीतर न जुळणारा आणखी एक कागद हातात येतो.

फॉर्ममध्ये पत्त्याखाली पोलीस ठाणं निवडायचं असतं. शहरातली सात ठाणी पोलीस आयुक्तालयाखाली येतात: फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ आणि एमआयडीसी. शहराला लागून असलेली गावं मात्र ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असू शकतात. हद्दीच्या कडेला राहत असाल तर अंदाजाने निवडू नका, शेजारी ज्याची पडताळणी नुकतीच झाली असेल त्याला विचारा. चुकीचं ठाणं निवडलं की फाइल तिकडे जाते, 'आमची हद्द नाही' म्हणून परत येते, आणि तुम्ही इकडे फोनची वाट बघत बसता.

## टप्पा ४: फोटो

चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो केंद्रात काढत नाहीत, आपणच न्यायचा असतो. आकार ४.५ गुणिले ३.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. चेहरा समोरून, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान शक्यतो दिसणारे, चेहऱ्यावर सावली नाही, आणि फोटोत दुसऱ्या कुणाचा हात नाही.

दोन महिन्यांच्या बाळाला हे सगळं एकाच वेळी जमवायला लावणं म्हणजे कसरतच. ज्या बाळाने अजून मान धरलेली नाही त्याला पाळीपाळीने कडेवर घेऊन फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. पलंगावर पांढरी साधी पलंगपोस ताणून पसरा, बाळाला उताणं निजवा आणि वरून फोटो घ्या. खाली सोलापुरी चादर नको, तिची नक्षी फोटोत उतरते. पांढरा टर्किश टॉवेलही नको, त्याच्या लोकरीसारख्या दोऱ्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि मागचा भाग करडा दिसतो. वेळ सकाळची, खिडकीचा उजेड दोन्ही बाजूंनी सारखा, फ्लॅश बंद. दूध पिऊन दहा-पंधरा मिनिटं झालेली असावीत: बाळ जागं असतं आणि तक्रार नसते. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी कुणीतरी खुळखुळा धरला की नजर बरोबर वर येते.

आणि आजीशी आधीच बोलून ठेवा. कपाळावरची तीट, गालावरचं बोट, डोळ्यांतलं काजळ हे सगळं फोटोपुरतं पुसायचं. कुंची काढायची. 'दृष्ट लागेल' यावर वाद घालत बसू नका. फोटो काढा आणि लगेच तीट परत लावू द्या.

स्टुडिओत जाणार असाल तर दुकानदाराला 'पासपोर्ट साइज' एवढंच म्हणू नका, माप सांगा. निळी पार्श्वभूमी आणि गाल गोरे करून दिलेला फोटो आपल्याकडे न मागता मिळतो. नको म्हणून आधी बजावा. चार-सहा प्रती एकदम काढून ठेवा, व्हिसाच्या वेळी लागतीलच, पण तोवर बाळ बदललेलं असेल तर नवीन काढावे लागतील.

## टप्पा ५: ऑनलाइन फॉर्म

आता संगणकासमोर बसा. अधिकृत संकेतस्थळ 'पासपोर्ट इंडिया', आणि पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच हवा. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट दिसायला हुबेहूब असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात. मोबाइलवर करायचं असेल तर 'एमपासपोर्ट सेवा' हे ॲप आहे.

खातं आई किंवा वडिलांच्या नावे उघडा, स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल देऊन. ई-सेवा केंद्रातून फॉर्म भरून घेणार असाल तरी हे सोडू नका. भरणाऱ्याने त्याचा नंबर टाकला की अपॉइंटमेंटचे, हरकतीचे, पडताळणीचे सगळे संदेश त्याला जातात आणि तो दिवसाला शंभर फॉर्म भरत असतो.

बाळाच्या फॉर्ममध्ये अडखळायला होतं अशा जागा:

अर्जाचा प्रकार 'फ्रेश'. नावाच्या पहिल्या रकान्यात बाळाचं नाव आणि मधलं नाव, दुसऱ्या रकान्यात फक्त आडनाव. पूर्ण नाव पहिल्या रकान्यात कोंबून दुसरा रिकामा ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

जन्मस्थळ दाखल्यावरचं, राहण्याचं नव्हे. नागरिकत्व 'जन्माने'. शिक्षण विचारलं की हसू येतं, पण तिथे 'सातवी किंवा कमी' निवडायचं. नॉन-ईसीआरसाठी (परदेशी नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागत नाही असा गट) पात्र आहे का, याचं उत्तर 'हो': अठरा वर्षांखालची मुलं त्यात येतात.

आईबाबांपैकी कुणी सरकारी नोकरीत आहे का, हा प्रश्न अल्पवयीन अर्जदारासाठीही असतो. जिल्हा परिषद शाळेतल्या किंवा महावितरणमधल्या पालकांनी इथे घाईने 'नाही' दाबू नये, वाचून खरं काय ते लिहावं. पुढे आईबाबांचे पासपोर्ट क्रमांक विचारतात. असतील तर अचूक द्या, पोलीस पडताळणी लागणार की नाही हे बरंचसं त्यावर ठरतं.

तपासा: सबमिट करण्याआधी दाखला शेजारी ठेवून फॉर्म मोठ्याने वाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने दाखल्यावर बोट फिरवायचं.

## टप्पा ६: अ‍ॅनेक्शर डी

हे आईबाबांचं प्रतिज्ञापत्र: मूल आमचं, भारताचं नागरिक, आणि त्याला पासपोर्ट द्यायला आमची दोघांची संमती. नमुना संकेतस्थळावरच मिळतो. साध्या पांढऱ्या कागदावर छापायचा, भरायचा, दोघांनी सह्या करायच्या. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला सांगितला तर नम्रपणे निघा. सह्या तुमच्या पासपोर्ट किंवा पॅनवरच्या सहीशी जुळणाऱ्या करा.

आईबाबांपैकी एकाची संमती मिळणं शक्य नसेल, विभक्त राहत असाल किंवा एकट्याने मूल वाढवत असाल, तर डीऐवजी अ‍ॅनेक्शर सी असतं. त्यात कारण स्पष्ट लिहायचं. घटस्फोट झाला असेल तर मुलाचा ताबा कुणाकडे, हे सांगणारा कोर्टाचा आदेश जोडा. वडील परगावी किंवा परदेशी नोकरीला आहेत एवढ्यावरून लगेच सी भरू नका. डीवर त्यांची सही मिळवता येत असेल तर तो रस्ता सोपा. त्यांची सही घरातल्या दुसऱ्याने करणं मात्र गुन्हा आहे, आणि असं करणारे आहेत म्हणून लिहितोय.

## टप्पा ७: पैसे आणि अपॉइंटमेंट

अठरा वर्षांखालच्यांसाठी ३६ पानी पासपोर्टची फी १,००० रुपये. आठ वर्षांखालच्या मुलांच्या नव्या अर्जावर १० टक्के सूट आहे, म्हणजे ९०० रुपये. तत्काळसाठी वर २,००० रुपये. तिकिटं काढून झाली नसतील तर बाळासाठी तत्काळच्या मागे लागू नका.

पैसे ऑनलाइन भरल्याशिवाय अपॉइंटमेंट मिळत नाही. एकदा भरले की वर्षभर चालतात. तारीख बदलायची मुभा तीनदाच, त्यामुळे बाळाचं लसीकरण, तुमची सुट्टी आणि गावाकडची जत्रा एकदा कॅलेंडरवर पाहून मगच तारीख घ्या. सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो आणि शहरात स्वतःचं केंद्र आहे. तारखा इथे लांबच्या दिसल्या तर दुसऱ्या शहरातलं केंद्रही निवडता येतं, पण तान्ह्या बाळाला घेऊन पुण्याचा प्रवास करण्यापेक्षा आठवडाभर थांबणं मी पसंत करेन. एप्रिल-मे असेल तर सकाळची पहिली वेळ मिळवा. दुपारी बाराच्या उन्हात सोलापुरात मोठ्यांचा जीव घाबरा होतो, तिथे बाळाचं काय. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते वळवलेले असतात, तेवढं लक्षात ठेवा. केंद्राचा पत्ता अपॉइंटमेंटच्या पावतीवर असतो. तोच धरा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

## टप्पा ८: केंद्रातला दिवस

बाळ सोबत हवंच. आईबाबा दोघंही जा. एकाने गेलं तरी डीवर दोघांच्या सह्या असल्या की काम होतं, पण नावाबद्दल शंका निघाली तर दुसरा समोर असलेला बरा. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, दोन तास आधी नको: आत लवकर घेत नाहीत आणि बाळ बाहेर कंटाळतं. आजी-आजोबा, मावशी यांना आत सोडतील असं गृहीत धरू नका.

एका फाइलमध्ये मूळ कागद आणि दुसरीत त्यांच्या झेरॉक्स, पालकाने प्रत्येक झेरॉक्सवर सही केलेली. क्रम असा लावा: दाखला, अ‍ॅनेक्शर डी, आईची ओळखपत्रं, वडिलांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, विवाहाचा दाखला, फोटो.

आत आधी कागद स्कॅन करणारी खिडकी, मग कागद पारखणारा अधिकारी, मग मंजुरी. पहिल्या खिडकीवरचा कर्मचारी तुमच्यासमोर पडद्यावर माहिती दाखवतो. इथे दोन मिनिटं थांबा. बाळ रडत असेल तर त्याला जोडीदाराकडे द्या, पण पडद्यावरचं नाव, तारीख आणि जन्मस्थळ स्वतः वाचा. याच क्षणी चूक सुधारणं सोपं असतं. सगळ्यात जास्त चुका इथेच निसटतात, कारण सगळ्यांचं लक्ष रडणाऱ्या बाळाकडे असतं.

कागद कमी पडला तर काय कमी आहे ते लेखी मागा. निघताना मिळालेली पावती जपून ठेवा, फाइल क्रमांक त्यावरच असतो.

## टप्पा ९: पोलीस पडताळणी आणि घरपोच

आईबाबांचे पासपोर्ट चालू असतील आणि माहिती जुळत असेल, तर बाळासाठी पडताळणी सहसा लागत नाही. नाही तर ठाण्यातून फोन येतो. मूळ कागद दाखवा, शेजाऱ्यांपैकी दोघांना कल्पना देऊन ठेवा. यासाठी वेगळी सरकारी फी नसते.

छापलेला पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि ज्या पत्त्यावर अर्ज केला तिथेच दिला जातो. बाळंतिणीला माहेरी ठेवून सोलापूरच्या घराला कुलूप असेल तर पोस्टमन परत नेणार, तेव्हा संदेश आला की कुणीतरी घरी थांबा.

हातात आल्यावर पाकीट फाडून कपाटात टाकू नका. दाखला काढून पुन्हा एकदा ताळा करा. छपाईची चूक असेल तर लगेच कळवा. नव्या पासपोर्टात चिप असते, त्यामुळे स्टेपलर मारणं, वाकवणं, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करणं टाळा.

बाळाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. त्यानंतर त्याची मुदत वाढत नाही, री-इश्यूचा नवा अर्ज करावा लागतो. बरेच देश प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक मुदत मागतात, त्यामुळे मोबाइलमध्ये आठवण लावायची ती साडेचार वर्षांनंतरची नको, चार वर्षांनंतरची लावा. आणि तेव्हा मूल चार वर्षांचं झालेलं असेल, म्हणजे फोटो केंद्रातच निघेल.